समूहगीताला हात कसा द्यायचा? कंडक्टिंगच्या पायाभूत तंत्राबद्दल

कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत संगीत शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न असा आहे: पाचवी ते नववीची ३५ मुले, साथीला पेटी, तबला, ढोलकी आणि एक कीबोर्ड. दोन महिन्यांवर आंतरशालेय समूहगीत स्पर्धा आली आहे. व्हिडिओ बघून चार ठोक्यांची आणि तीन ठोक्यांची आकृती त्यांनी हातात बसवली. हात बरोबर फिरतो, तरी मुले एकत्र सुरू होत नाहीत, दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणे पळायला लागते आणि शेवटचा स्वर कुणाचा आधी तर कुणाचा नंतर संपतो. संचालकाची काठी (बॅटन) घेतली तर फरक पडेल का, आणि इथे हे कुठे शिकायला मिळेल?

ताई, तुमच्या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे, आणि ते आकृतीत नाही. हवेत चौकट काढणे हा कंडक्टिंगचा, म्हणजे हाताने गाणे चालवण्याचा, सगळ्यात सोपा भाग. आठवड्याभरात तो जमतो, आणि जमला म्हणजे काम झाले असे वाटते. पण मुलांना हातातून चार गोष्टी कळायला हव्यात: केव्हा सुरू करायचे, किती लयीत, किती जोरात आणि केव्हा थांबायचे. या चारही गोष्टी आवाज निघण्याच्या आधी कळल्या तरच उपयोग. तुमचा हात आवाजाबरोबर चालतोय, म्हणजे तो ताल धरतोय. ताल धरायला तबलजी आहेच. तुमच्या हाताने एक ठोका पुढे असायला हवे.

पी.टी.च्या तासाची आज्ञा आठवा. 'साव…' लांबवतात आणि मग 'धान' तोडतात. 'दाहिने…' म्हणतात, मग 'मूड'. पहिला भाग सावध करतो, दुसऱ्या भागावर कृती होते, आणि मधल्या अंतरावरून मुलांना वेळ कळते. म्हणून दोनशे पाय एकदम वळतात. आता 'राष्ट्रगीत शुरू कर' ही आज्ञा बघा. 'कर' नंतर नेमके किती वेळाने, कोणत्या सुरात, किती लयीत हे त्यात कुठेच नाही, म्हणून 'जन' हा पहिला शब्द जवळपास प्रत्येक शाळेत विस्कटतो आणि मुले 'गण'पाशी एकमेकांना शोधतात. तुमच्या समूहगीतातही नेमके तेच होतेय.

पुढचे सगळे थोडे परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधीच सांगतो. काही स्पर्धांत शिक्षकाने मुलांसमोर उभे राहून हात दिलेला चालत नाही; काही ठिकाणी चालतो, पण प्रेक्षकांकडे पाठ करू देत नाहीत. नियमपत्रक आज वाचा. हात द्यायला मनाई असेल तर पेटीवर तुम्हीच बसा आणि खाली सांगितलेली उचल (सुरुवातीआधीचा मुका इशारा) मान आणि श्वासाने द्या, किंवा पहिल्या रांगेच्या कडेला उभ्या असलेल्या एका मुलीला ती शिकवा. तालमीत मात्र हातच वापरा, कारण मुलांना एकत्र श्वास घ्यायची सवय त्यातूनच लागते.

आता उभे राहणे. पाय खांद्यांइतके लांब, गुडघे ताठ कुलूपबंद नकोत. कोपर शरीराला चिकटवू नका. बरगडीपासून साधारण एक वीत पुढे आणि थोडे बाहेर. तळवा जमिनीकडे, बोटे सैल, मनगट सैल पण लुळे नाही. पोटाच्या वरच्या भागाच्या उंचीवर समोर एक टेबल आहे असे समजा. सगळे ठोके त्या टेबलावर पडले पाहिजेत. नवख्यांचा पहिला ठोका कमरेशी पडतो, दुसरा छातीशी, तिसरा खांद्याशी. मुलांना मग ठोका नेमका कुठे पडला तेच समजत नाही. मुले तीन रांगांत असतील आणि मागची रांग बाकावर असेल तर हे टेबल चार बोटे वर घ्या. पहिल्या रांगेपासून दोन-अडीच मीटर मागे राहा. फार जवळ गेलात तर कडेच्या मुलांना तुमचा हात तिरका दिसतो.

ठोका म्हणजे हात खाली येणे नव्हे. ठोका म्हणजे हात टेबलाला टेकून दिशा बदलतो तो क्षण. ओल्या बोटांवरचे पाणी झटकताना मनगट जसे एका बिंदूवर थांबून उलटते, तसा तो हवा. त्यानंतरची उसळी सहज येऊ द्या, पण लहान ठेवा. उसळी ठोक्याइतकीच उंच गेली की 'खाली' कोणते आणि 'वर' कोणते हे मुलांना ओळखता येत नाही, आणि अर्धी मुले वरच्या टोकाला गायला लागतात. हे सुधारायला खुर्चीच्या पाठीवर किंवा उशीवर बोटे खरोखर टेकवून सराव करा. मेट्रोनोम अ‍ॅप मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून पाच मिनिटे, मग ८० वर, मग १००. शेवटी ४८ वर या. सावकाश लयीत हात दोन ठोक्यांच्या मध्ये थांबायला बघतो, आणि थांबलेला हात पुढचा ठोका सांगू शकत नाही. म्हणून खरी परीक्षा ४८ वर होते.

आकृत्या तुम्हाला येतात, तरी उजळणी: दोनात खाली-वर. तीनात खाली, उजवीकडे, वर. चारात खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. हे सगळे तुमच्या उजव्या हाताच्या बाजूने. पहिला ठोका कायम खाली आणि शेवटचा कायम वर. एवढे पाळले तर मधली वळणे थोडी इकडे-तिकडे झाली तरी बिघडत नाही.

या आकृत्या आपल्या तालांवर कशा बसवायच्या, हे व्हिडिओंमध्ये सापडत नाही आणि मराठी समूहगीत बसवणारे सगळे इथेच अडखळतात. केरव्याच्या आठ मात्रा. प्रत्येक मात्रेला एक ठोका दिलात तर हात पंख्यासारखा फिरेल. दोन मात्रांना एक ठोका धरा, म्हणजे चाराची आकृती मिळते: 'धा गे' खाली, 'ना ती' डावीकडे, 'ना क' उजवीकडे, 'धी न' वर. गंमत अशी की पाचव्या मात्रेची 'खाली' (टाळी न देता हात बाजूला नेण्याची जागा) नेमकी उजवीकडच्या, बाहेर जाणाऱ्या ठोक्यावर येते, आणि खाली दाखवताना आपण हात बाहेरच नेतो. तीनतालातही हेच जुळते: चार मात्रांना एक ठोका धरला तर सम (आवर्तनाची पहिली मात्रा) जमिनीकडे, पाचवी आत, नववी, म्हणजे तालातली 'खाली', बाहेर, तेरावी वर. म्हणजे तालाचा हात ज्यांच्या अंगात आहे त्यांना ही आकृती नव्याने पाठ करावी लागत नाही. एकच फरक सांभाळायचा. टाळी-खालीच्या हातात खालीला तळवा नुसता तरंगत बाजूला जातो. कंडक्टिंगमध्ये मात्र तिथेही टेबलाला टेकणारा बिंदू हवा, नाहीतर दर आवर्तनात पाचव्या मात्रेला मुलांच्या पायाखालची जमीन जाते.

दादऱ्याच्या सहा मात्रा जलद असतील तर दोनाची आकृती, प्रत्येक ठोक्यात तीन मात्रा. संथ गीतात तीन मात्रांची एक आकृती, दोनदा. रूपकाच्या सात मात्रा ३+२+२ अशा आहेत, म्हणून आकृती तीनाची, पण पहिला ठोका लांब: 'तीं तीं ना' खाली, 'धीं ना' उजवीकडे, 'धीं ना' वर. रूपकात सम तालातल्या 'खाली'च्या जागी येते, तरी हात जमिनीकडेच जायला हवा. गाणाऱ्या मुलांसाठी आवर्तन तिथेच सुरू होते. लांब ठोका दाखवताना हात थांबवू नका, उसळी मोठी आणि सावकाश करा, म्हणजे तीन मात्रांचा प्रवास डोळ्यांना दिसतो. झपतालाला चाराची आकृती, ठोके २+३+२+३ असे लहान-मोठे. हे सगळे आधी तोंडाने बोल म्हणत करा. बोल अडखळला तर हात अडखळणारच.

आता मुख्य गोष्ट: उचल. सुरुवातीच्या ठोक्याआधी जो एक मुका ठोका द्यायचा त्याला मी उचल म्हणतो. ती एका ठोक्याइतकीच हवी, कमी नाही आणि जास्तही नाही. गाणे मिनिटाला ८० ठोक्यांचे असेल तर एक ठोका ०.७५ सेकंदाचा, म्हणून उचलही ०.७५ सेकंदाचीच. घाईने हात अर्ध्या सेकंदात वर गेला आणि मग गाणे ८० ने सुरू केले, तर मुलांना दोन वेगवेगळ्या लयी मिळाल्या: निम्मी उचलीवर विश्वास ठेवून लवकर येतील, उरलेली तबल्याची वाट बघतील. तुमची सुरुवात विस्कटते ती बहुतेक यामुळेच.

उचलीत लयीबरोबर आणखी दोन गोष्टी असतात. गाणे हळू सुरू होणार असेल तर उचल लहान आणि मऊ. वीररसाचे गीत असेल तर ठाम आणि मोठी. दुसरी, आणि ही सगळ्यात मोठी: उचलीबरोबर तुम्ही स्वतः नाकातोंडाने श्वास घ्या, मुलांना दिसेल असा. तुमची छाती वर गेली की ३५ छात्या वर जातात. ज्यांनी एकत्र श्वास घेतला ते एकत्र सुरू होतात. श्वास न घेता दिलेली उचल मुलांना नुसती हालचाल वाटते.

कोणत्या ठोक्यावर उचल द्यायची ते गाणे कुठून उठते त्यावर. गाणे समेवरून असेल तर उचल म्हणजे आकृतीतला शेवटचा ठोका, वर जाणारा. चौथ्या ठोक्यावरून असेल तर तिसरा, उजवीकडचा. आपली बरीच गाणी समेच्या आधीपासून उठतात. अशा गाण्याला समेची उचल दिली तर मुलांना पहिला शब्द कुठे टाकायचा ते कळत नाही. समेनंतर अर्ध्या ठोक्याने सुरू होणाऱ्या ओळीत उचलीने भागत नाही. तिथे सम कोरडी आणि ठाम द्या, हात क्षणभर स्थिर करा. मुले त्या समेवर श्वास घेतात आणि मागोमाग उठतात.

हात वर नेण्याआधी लय मनात आणायची असते. त्यासाठी मुखडा गुणगुणू नका. गाण्यातली ज्या ओळीत शब्द सर्वांत दाट आहेत ती मनात म्हणा. ती ओळ स्पष्ट म्हणता येईल तीच तुमची लय. मुखड्यावरून ठरवलेली लय नेहमी जरा जास्त निघते, आणि अंतऱ्यात मुले शब्द गिळतात.

सूर देतानाही छोटी चूक होते. पेटीवर सा दिला जातो, पण गाणे गंधारावर किंवा पंचमावर सुरू होत असते. मुले सा धरून बसतात आणि पहिल्याच स्वराला घसरतात. ज्या स्वरावरून गाणे उठते तो स्वर द्या. मुलांनी तो मनात घेतला की पेटी थांबवा, दोन सेकंद शांतता, मग उचल. ठेका आधी सुरू होणार असेल तर तबलजीला वेगळी उचल द्या, एक आवर्तन जाऊ द्या आणि मुलांची उचल त्याच चालत्या लयीत द्या. त्या आवर्तनात तुमचा हात लहान ठेवा आणि मुलांच्या उचलीला मोठा करा, नाहीतर मुलांना वाटते आपल्यालाच बोलावले.

हे जमले का, ते ओळखायची एक चाचणी. पेटी-तबला बंद. मुलांना फक्त 'हं' असा एक आवाज काढायला सांगा, तुमच्या पहिल्या ठोक्यावर. मोजणी नाही, 'एक-दोन-तीन' नाही. दहा वेळा करा, दर वेळी वेगळ्या लयीत. दहापैकी आठ वेळा एकच 'हं' ऐकू आला तर उचल चांगली. दोन-तीन तुकड्यांत आला तर मुलांना दोष देऊ नका, हातच दुरुस्त करायचा. रोज पाच मिनिटे केलात तर दोन-तीन आठवड्यांत सुरुवातीत फरक ऐकू येईल. तोंडी मोजून सुरू करायची सवय आतापासूनच सोडा: मुले आकडे ऐकतात आणि हाताकडे बघणे थांबवतात.

शेवटाचेही तसेच. स्वर थांबवायलाही आधी इशारा लागतो. शेवटचा स्वर किती ठोके धरायचा ते आधी ठरवा आणि मुलांना सांगा, समजा चार, पाचव्यावर कट. चौथ्या ठोक्याला हात थोडा वर उचलून छोटा गोल काढा आणि पाचव्यावर बोटे मिटा. चार ठोके हात पुतळ्यासारखा धरून ठेवलात तर मुलांचा श्वास आणि सूर दोन्ही पडतात. हात सावकाश बाहेर सरकत राहू द्या. शब्दाचे शेवटचे व्यंजन कटवरच आले पाहिजे. 'वंदन' वर गाणे संपत असेल तर लांबवायचा तो 'द'चा अकार, आणि 'न' फक्त कटवर. 'देश' सारखा शब्द तर धोक्याचा: ३५ मुलांचा 'श' वेगवेगळ्या वेळी आला की तव्यावर पाणी पडल्यासारखे ऐकू येते. तिथे निम्म्या मुलांनी 'श' उच्चारलाच नाही तरी चालतो, उरलेल्यांचा पुरतो.

लयीकडे येतो. गाणे पळते याची कारणे तीन, आणि ती तपासायचीही याच क्रमाने. पहिले, तबलजी अंतऱ्यानंतर लग्ग्या (जलद, भरगच्च बोल) वाजवतो आणि लग्गीबरोबर चढतो. दुसरे, ओळीच्या शेवटी मुले श्वासाची जागा खातात. प्रत्येक ओळ पाव ठोका लवकर सुरू होते आणि चार ओळींत एक ठोका जातो. तिसरे, तुम्ही मुलांचा आवाज ऐकून त्यामागे हात नेता. मुले थोडी पुढे गेली, हात त्यांच्याबरोबर गेला, हात पुढे गेला म्हणून मुले आणखी पुढे गेली. मोजायला अवघड नाही: तालमीचे ध्वनिमुद्रण करा आणि अ‍ॅपमध्ये ठोके देऊन पहिल्या आणि शेवटच्या कडव्याची लय बघा. ८४ ने निघालेले गाणे ९६ वर संपत असेल तर तो फरक परीक्षकालाही जाणवेल.

हलगी-घुमक्याचा कडकडाट ऐकत वाढलेल्या मुलांना चढती लय गोड वाटते, आणि पोवाड्याच्या अंगाच्या गीतात ती शोभतेही. चढवायची असेल तर जरूर चढवा, पण कोणत्या ओळीपासून आणि कुठवर ते तुम्ही ठरवलेले असू दे. आपोआप चढलेली लय शेवटच्या कडव्यात शब्द खाते.

पळणाऱ्या गाण्याला आवरताना बहुतेक जण हात मोठा करतात. त्याने उलटे होते. मोठा हात बघून मुले जोरात गातात, आणि जोरात गाणारी मुले आणखी पळतात. हात लहान करा, टोकदार करा, उसळी जवळजवळ बंद करा. मुलांना नीट बघावे लागते, आणि बघायला लागली की त्यांचे पळणे थांबते. रेंगाळणाऱ्या गाण्यालाही हात लहानच, पण हलका आणि उसळता. तालमीत मुलांबरोबर गाऊही नका. तुम्ही गात असता तेव्हा तुम्हाला तुमचाच आवाज ऐकू येतो आणि मागच्या रांगेतला डावा कोपरा काय करतोय ते कळत नाही. पहिल्या आठवड्यात ओठ हलवून शब्द दाखवायला हरकत नाही, नंतर तेही कमी करा.

तबलजीला कुठे बसवता याकडे लक्ष द्या. रंगमंचाच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून बसलेल्या तबलजीला तुमचा हात दिसतच नाही. तो फक्त कानावर वाजवतो. त्याला तुमच्याकडे थोडा तिरका वळवून बसवा. सुरुवात, प्रत्येक कडव्याचा प्रवेश आणि शेवट या तीन वेळी त्याने तुमच्याकडे बघायचे एवढेच ठरवून घ्या. मधे त्याला मोकळा सोडा. चांगल्या तबलजीला प्रत्येक मात्रा दाखवणे हा त्याचा अपमान होतो आणि गाण्याचेही नुकसान होते. तबला असताना हाताची गरजच काय, असे कुणी म्हणाले तर आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे उदाहरण द्या: १९५२ साली पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली तो उभा राहिला, आणि आपलीच वाद्ये, आपलेच ताल असूनही समोर संचालक असायचा.

डाव्या हाताबद्दल. तो उजव्याचा आरसा करू नका. दोन्ही हात सारखेच फिरले तर एक हात वाया गेला. डाव्याची कामे वेगळी: आवाज चढवणे-उतरवणे, एखाद्या गटाला प्रवेश देणे, लांब स्वर धरून ठेवणे. सराव असा: उजव्या हाताने ६० च्या लयीत चाराची आकृती, डावा तळवा वर करून चार ठोक्यांत कमरेपासून खांद्यापर्यंत सरकत वर, पुढच्या चारांत तळवा खाली करून परत. पहिले काही दिवस डावाही ठोके द्यायला लागतो, चालायचेच. चारांत जमले की आठ ठोक्यांत वर आणि आठांत खाली. दोन-तीन आठवडे लागतात. तोवर तालमीत डावा हात नुसता खाली सोडून ठेवलात तरी काही बिघडत नाही.

काठीचे विचारलेत. ३५ मुलांसाठी नको. मोकळ्या हाताची बोटे आणि तळवा मुलांना जास्त सांगतात, गाणाऱ्यांना तर विशेष. काठी उपयोगी पडते ती वादक लांब बसलेले असताना किंवा उजेड कमी असताना, कारण तिचे टोक लहान हालचाल मोठी करून दाखवते. पुढे कधी घेतलीत तर १२ ते १४ इंचांची, हलकी, मूठ बुचाची किंवा लाकडी गोल. बोटावर आडवी ठेवली तर मुठीच्या अगदी पुढे तोलली पाहिजे. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरायची, मूठ तळव्यात सैल टेकलेली. पट्टी किंवा पेन्सिल नको: तोल पुढे जातो आणि मनगट दुखते.

आणि टाळ्या, चुटक्या, पायाचा ठोका, टेबलावर पट्टी आपटणे यांतले काहीच नको. आवाज करणारा ठोका मुले ऐकतात, ऐकून मग गातात, म्हणजे कायम मागे पडतात. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जमिनीवर जाड दांडा आपटून लय देत. जाँ-बातिस्त ल्युली या संगीतकाराने १६८७ च्या जानेवारीत तो दांडा स्वतःच्याच पायावर मारून घेतला, जखम चिघळली आणि मार्चमध्ये तो गेला. पुढे ऐकू येणारा ठोका मागे पडला आणि डोळ्यांना दिसणारा ठोका आला, तो संगीताच्याच भल्याचा ठरला.

सरावाची वेगळी वेळ शोधू नका. रोजचा परिपाठ तुमच्या हातात आहे. प्रार्थनेला उचल द्या, कट द्या. राष्ट्रगीताची पूर्ण अवधी साधारण ५२ सेकंद. सावधान उभ्या मुलांसमोर ते हाताने चालवून एखाद्या सहकाऱ्याला घड्याळ लावायला सांगा. ५८ सेकंद लागले तर लय सैल आहे, ४७ लागले तर पळतेय. मात्र मैदानावर एक गोष्ट ध्यानात ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ५० मीटर मागे उभ्या मुलांचा आवाज तुमच्यापर्यंत यायला ०.१५ सेकंद लागतात. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत हा पाव ठोका झाला. मागची मुले मागे पडलीत असे तुम्हाला वाटते आणि तुम्ही त्यांच्यासाठी थांबता, मग पुढची मुले गोंधळतात. मोठ्या मैदानावर कान नाही, मनातली लय धरायची. मुलांनीही ध्वनिक्षेपकाकडे नाही, हाताकडे बघायचे.

आठवड्यातून एकदा फोन मधल्या रांगेतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून स्वतःचे चित्रण करा आणि ते आवाज बंद करून बघा. नुसत्या हातावरून पहिला ठोका कोणता, लय किती, गाणे कुठे हळू होतेय हे कळले पाहिजे. कळत नसेल तर मुलांनाही कळत नाही. नामवंतांचे बघतानाही हीच रीत, पण एका सावधगिरीने: मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता यांच्यासारख्या संचालकासमोर बसलेल्या वाद्यवृंदाला लय द्यावी लागत नाही, म्हणून कित्येकदा तो हात ठोका देतच नाही, फक्त वाक्य घडवतो. तसे हात शाळेच्या मुलांसमोर फिरवलेत तर काहीच सुरू होणार नाही. तुम्ही बघावे ते शाळेच्या आणि चर्चच्या गायनवृंदांचे संचालन.

कोल्हापुरात शिकायचे तर दोन वाटा. लय-तालाचा पाया पक्का करायला १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब आहे, विद्यापीठाचा संगीत विभाग आहे; पण ही हिंदुस्थानी संगीताची ठिकाणे, तिथे कंडक्टिंगचा वेगळा वर्ग मिळेल या अपेक्षेने जाऊ नका. तिथून बोल, पढंत (बोल तोंडाने लयीत म्हणणे) आणि लयीची पक्की जाण घ्या. हात बघायला १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचा पोलीस बँड आहे: बँडमास्तर उचल आणि कट कसा देतो तेवढेच बघा. डिसेंबरात नाताळच्या गीतांच्या तालमी चालतात तिथे विनंती करून मागे बसता आले तर उत्तम.

स्पर्धेच्या आठवड्यात नवे काही शिकवू नका. गडद, साधी साडी किंवा कुर्ता घाला, म्हणजे त्यासमोर हात उठून दिसतो. नक्षीदार कापडावर हात हरवतो. बांगड्या काढून ठेवा. रंगमंचावर सूर दिल्यावर एकदा डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत नजर फिरवा, श्वास घ्या, उचल द्या. तरी सुरुवात विस्कटू शकते, म्हणून त्याची तालीमही आधी करून ठेवा: तालमीत मुद्दाम वाईट उचल द्या, मुलांना भरकटू द्या, आणि न थांबता पुढच्या समेला मोठा, ठाम, खाली जाणारा ठोका देऊन त्या ओळीचा पहिला शब्द ओठांनी दाखवा. चार-पाच वेळा हे केले की मुलांना कळते, चुकलो तर पुढच्या समेवर भेटायचे.